हायड्रॉलिक उचलेल, पण ट्रॅक्टर पेलेल का?

मिनी ट्रॅक्टर घेताना माहितीपत्रकातले दोन आकडे आपण सगळ्यात आधी बघतो. एक एचपी आणि दुसरा लिफ्टची क्षमता. एचपीबद्दल फारशी फसगत होत नाही, कारण शेजारच्या शिवारात तोच ट्रॅक्टर चालताना पाहिलेला असतो. गफलत होते ती दुसऱ्या आकड्यावर. ‘लिफ्ट ७५० किलो’ असं वाचलं की डोक्यात पक्कं बसतं, साडेसातशेपर्यंत काहीही मागे अडकवा, ट्रॅक्टर घेऊन जाईल. खरं तर तो आकडा फक्त हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेच्या, ताकदीचा आहे. तेवढं वजन उचलल्यावर पुढची चाकं जमिनीवर राहतील का, स्टीअरिंग ऐकेल का, उताराला ब्रेक लागेल का, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. उचलणं वेगळं आणि पेलणं वेगळं.

जुन्या गाडीवानांना हे शिकवावं लागत नसे. बैलगाडीत मागे जास्त माल पडला की गाडी उलाळ व्हायची, जू बैलांच्या मानेवरून वर उठायचं. मग भरतानाच पोती पुढे सरकवून गाडी तोलून घ्यायची. ट्रॅक्टरही तसाच उलाळ होतो. मागचा आस हा टेकू. त्याच्या मागे जितकं वजन आणि जितकं लांब, तितकं पुढचं तोंड हलकं. बैलगाडी निदान जागच्या जागीच सांगून टाकते. ट्रॅक्टर मात्र सपाट आवारात शहाण्यासारखा उभा राहतो आणि बांध चढताना तोंड उचलतो.

आपल्याकडे ज्यांना मिनी म्हणतात ते ट्रॅक्टर साधारण १५ ते ३० एचपीचे. त्यांचं स्वतःचं वजन ढोबळमानाने ६०० ते १,१०० किलो आणि लिफ्टची क्षमता ५०० ते १,००० किलोच्या आसपास. म्हणजे गडी स्वतः जितका जड, जवळपास तितकंच पाठीवर घेण्याची ताकद त्याच्या हायड्रॉलिकमध्ये आहे. मोठ्या ट्रॅक्टरमध्ये हे प्रमाण बरंच सौम्य असतं. अडीच टनी धूड दीड टन उचलतं. मिनीमध्ये पंप आणि सिलिंडर दमदार, पण अंग हलकं आणि लांबी आखूड.

लिफ्टची क्षमता मोजतात कशी, हे कळलं की अर्धा गैरसमज जातो. मध्य प्रदेशात बुधनी इथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. विक्रीला येणाऱ्या ट्रॅक्टरची चाचणी तिथे होते. अशा चाचण्यांमध्ये लिफ्टची ताकद मोजताना ट्रॅक्टर हलू नये म्हणून जखडून ठेवलेला असतो. साहजिकच आहे, तिथे हायड्रॉलिक तपासायचं असतं, तोल नव्हे. आणि मोजमाप दोन ठिकाणी होतं. एक म्हणजे खालच्या दोन लिंकांच्या टोकांवर, जिथे आपण अवजाराच्या पिना घालतो तिथे. दुसरं त्या टोकांपासून ६१० मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन फूट मागे. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी येतो आणि माहितीपत्रकावर ठळक छापलेला बहुतेक वेळा पहिला असतो. खरी अवजारं मात्र पिनांवर सगळं वजन घेऊन बसत नाहीत. त्यांचा भार फूट, दीड फूट, कधी दोन फूट मागे असतो. शोरूममध्ये विचारायचंच तर ‘हा आकडा कुठल्या ठिकाणी मोजलाय?’ एवढा एक प्रश्न विचारा. सेल्समनला माहीत असेल तर त्या दुकानात पुढे बोलायला हरकत नाही.

हिशेब एकदा मांडून बघू

समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा, टू-व्हील ड्राइव्ह. पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत दीड मीटर. रिकामा असताना पुढच्या चाकांवर ३२० किलो आणि मागच्यांवर ४८०. आता मागे असं अवजार लावलं, ज्याच्या वजनाचा मध्य मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे. हे अंतर फार वाटेल, पण लिंकाच सत्तर-ऐंशी सेंटिमीटर मागे येतात. त्यापुढे अवजाराची स्वतःची जाडी आली.

पुढची चाकं खाली दाबून ठेवणारा जोर: ३२० गुणिले १.५, म्हणजे ४८०. अवजार उलाळ करणारा जोर: त्याचं वजन गुणिले १.२. दोन्ही कधी सारखे होतात? अवजार ४०० किलोचं असेल तेव्हा. म्हणजे ४०० किलोला पुढची चाकं अधांतरी. लिफ्ट ७५० किलोची, आणि ट्रॅक्टर ४०० लाच उलाळ!

शिवाय चाकं उचलेपर्यंत थांबून चालत नाही, त्याच्या खूप आधी स्टीअरिंग जातं. जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा, की ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या आसावर राहिलाच पाहिजे. आपल्या उदाहरणात १६० किलो. म्हणजे पुढून आपण फक्त १६० किलो गमावू शकतो. १६० गुणिले १.५ भागिले १.२, उत्तर २०० किलो. पुढे वजनं न लावता हा ट्रॅक्टर मागे सुरक्षितपणे पेलेल ते एवढंच.

तुमच्या ट्रॅक्टरचे आकडे वेगळे येतील. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढे जास्त वजन असल्यामुळे थोडी सवलत मिळते. पण क्षमता आणि पेलण्याची मर्यादा यांतली दरी अशीच असते, हे आकडे बदलून पाहिलं तरी दिसेल.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट लपली आहे, ती टायरवाल्याला जास्त चांगली समजते. मागे २०० किलो लटकवले की मागच्या चाकांवर २०० वाढत नाहीत, ३६० वाढतात. पुढचे गेलेले १६० कुठे जाणार? तेही मागच्याच चाकांवर येऊन बसतात. मागच्या टायरच्या बाजूला किती भाराला किती हवा ते छापलेलं असतं. शेतात मऊ चालावं म्हणून कमी ठेवलेली हवा आणि वर हा भार, असं झालं की टायर बाजूने दुमडतो आणि ट्रॅक्टर एका अंगाला झुकतो.

वजन कशाचं किती

पाणी हिशेबाला सोपं, लिटरला किलो. द्राक्षबागेत मागे उचलून चालवायचा ४०० लिटरचा फवारणीचा ब्लोअर भरला की नुसतं औषधाचं पाणी ४०० किलो. त्यात पंखा, पंप, गिअरबॉक्स आणि लोखंडी सांगाडा मिळवा. वरचं उदाहरण आठवून पाहा. म्हणूनच जास्त क्षमतेचे ब्लोअर स्वतःच्या चाकांवर ओढत न्यायचे येतात. हलक्या ट्रॅक्टरला तोच मार्ग बरा, वळायला थोडी जागा जास्त लागते एवढंच. अर्धी भरलेली टाकी हलकी, म्हणून बिनधास्त असंही नाही. पाणी चढाला मागे धावतं आणि उताराला पुढे. आत आडवे पडदे असलेली टाकी असेल तर हा हेलकावा बराच कमी होतो.

क्रेट वाहायची मागची फळीही अशीच फसवी. एका क्रेटमध्ये साधारण २० किलो माल. वीस क्रेट म्हणजे चारशे किलो, आणि फळी लांब असल्यामुळे शेवटची रांग आसापासून पार दूर. क्रेट आधी ट्रॅक्टरच्या बाजूच्या रांगेत चढवायचे आणि उतरवताना शेवटची रांग आधी काढायची. काढणीच्या घाईत मजूर नेमकं उलटं करतात, कारण मागच्या कडेवर ठेवणं हाताला सोपं पडतं. हे कोणी तरी उभं राहून सांगावंच लागतं.

खताचं पोतं ५० किलोचं, युरियाचं ४५. ओली वाळू घनमीटरला दीड टनाच्या वर, आणि आपला काळा दगड भरीव असेल तर पावणेतीन टनांच्या आसपास. शेणखत भरून डौलाने चालणारी बकेट दगडगोट्यांनी तेवढीच भरली तर भार कित्येक पटींनी वाढतो. बकेट किती भरली हे बघायचं नाही, कशाने भरली ते बघायचं.

अंदाज नको असेल तर एक स्वस्त उपाय प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. वजनकाटा. अवजार लावून, वर उचलून, ब्लोअर असेल तर टाकी भरून, फक्त पुढची दोन चाकं काट्यावर घ्यायची आणि आकडा लिहून घ्यायचा. मग अवजार सोडून संपूर्ण ट्रॅक्टर काट्यावर. पहिला आकडा दुसऱ्याच्या एक पंचमांशापेक्षा कमी आला, तर पुढे वजन हवं किंवा मागचं कमी करायला हवं. काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग असेल तर काटेवाला वैतागेल. दुपारी जावं.

वजनं लावायची ती कुठे

पुढच्या बंपरवर लावायच्या लोखंडी वजनांचं काम नेमकं हेच. १०० किलोची वजनं पुढच्या आसापासून ६० सेंटिमीटर पुढे लावली, तर मागच्या आसापासून ती २.१ मीटरवर झाली. त्यांच्या जोरावर आपल्या उदाहरणातला ट्रॅक्टर मागे आणखी १७५ किलो पेलू शकेल. लांब लावलेलं थोडं वजन जवळ लावलेल्या जास्त वजनाला भारी पडतं. त्यामुळे बोनेटवर पोती ठेवण्यापेक्षा बंपरवरची दोन वजनं कामाची. ती कंपनीच्या कडीत बसणारीच असावीत. तारेने बांधलेला दगड खड्ड्यात सुटतो आणि पुढच्याच चाकाखाली येतो.

मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याबद्दल मात्र फार मोठा गैरसमज आहे. पाण्याने मागची चाकं जड होतात, पकड वाढते, घसरणं कमी होतं, आणि वजन जमिनीलगत असल्यामुळे ट्रॅक्टर बाजूला कलंडायलाही थोडा कमी तयार होतो. हे सगळं खरं. पण मागे उचललेल्या ओझ्यासाठी टेकू मागचा आसच आहे, आणि पाणी त्या आसाभोवतीच बसलंय. टेकूवर ठेवलेलं वजन तोल सावरायला शून्य उपयोगाचं. टायरमध्ये कितीही पाणी भरा, पुढचं तोंड तितकंच हलकं राहील. ‘टायरात पाणी आहे की, कशाला उठतोय?’ असं म्हणणारा माणूस प्रत्येक गावात असतो आणि त्याचं ऐकणारे चार.

पुढे बकेट लावली की सगळं उलटं

फ्रंट लोडर, म्हणजे पुढची बकेट, मिनी ट्रॅक्टरवर आता सर्रास दिसते. गोठ्यातलं शेणखत, वाळू, माती, बांधकामावरची खडी. इथे टेकू बदलतो. आता तो पुढचा आस, आणि उचललं जातं ते ट्रॅक्टरचं मागचं अंग.

मागचं अंग हलकं होणं पुढच्यापेक्षा जास्त वाईट, आणि त्याचं कारण ब्रेकमध्ये आहे. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते फक्त मागच्या चाकांना. बकेट भरून उताराला लागलात, मागची चाकं हलकी झाली, की पाय पूर्ण दाबला तरी चाकं जागच्या जागी बंद होऊन घसरत राहतात आणि ट्रॅक्टर आपल्या गतीने खाली जातो. उताराला इंजिन जे रोखून धरतं तेही त्याच चाकांतून, तेही गेलं. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर उतारावर तो जोडूनच उतरायचं, कारण तेव्हा मागचा ब्रेक शाफ्टमार्फत पुढच्या चाकांनाही धरतो.

उपाय मागे वजन लावणं, आणि इथे मात्र टायरमधलं पाणी उपयोगी पडतं, कारण टेकू आता पुढे आहे. त्याहून भारी काम करतं ते थ्री-पॉइंटवर, म्हणजे मागे अवजार जोडायच्या तीन लिंकांवर, उचललेलं वजन. आपल्याच ट्रॅक्टरवर मागच्या आसापासून एक मीटर मागे १५० किलोचा काँक्रीटचा ठोकळा घेतला, तर मागच्या चाकांवर २५० किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे १०० उतरतात. पुढच्या आसाची ही सुटका फार मोलाची. २०० किलोची भरलेली बकेट पुढच्या आसापासून मीटरभर पुढे असेल, तर त्या आसावर ३३० किलोहून जास्त भार येतो, शिवाय लोडरच्या स्वतःच्या लोखंडाचा भार निराळा. टू-व्हील ड्राइव्ह मिनीचा पुढचा आस, त्याची किंगपिन आणि बेअरिंग यासाठी घडवलेली नसतात. माझं स्पष्ट मत असं, की २५ एचपीच्या आतल्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला लोडर लावूच नये. तेवढे पैसे दिवसभर भाड्याने मोठं मशीन आणायला ठेवावेत.

बकेट चालताना गुडघ्याच्या खाली ठेवायची, गाडीत ओततानाच वर न्यायची, आणि वर असताना ट्रॅक्टर वळवायचा नाही. चढ-उताराचा नियम एकच लक्षात ठेवला की पुरतो: जड बाजू चढाकडे. मागे ओझं असेल तर चढ रिव्हर्समध्ये चढायचा आणि उतार सरळ उतरायचा. बकेट भरलेली असेल तर चढ सरळ आणि उतार रिव्हर्समध्ये.

अरुंद ट्रॅक्टर आणि बांध

द्राक्षाच्या ८-९ फुटी ओळींतून, डाळिंबातून, उसाच्या किंवा कपाशीच्या सरीतून जाता यावं म्हणून मिनी ट्रॅक्टर अरुंद बनवतात. हाच त्याचा गुण, आणि बाजूला कलंडायचं कारणही हेच.

पुढचा आस ट्रॅक्टरला मध्यभागी एका पिनवर डुलता बसवलेला असतो, म्हणजे खड्ड्यात एक चाक गेलं तरी बाकीची तीन टेकलेली राहतात. याचा अर्थ असा, की कलंडण्याच्या बाबतीत ट्रॅक्टर चार पायांवर उभाच नसतो. तो तीन बिंदूंवर उभा असतो: दोन मागची चाकं आणि पुढची ती मधली पिन. ट्रॅक्टर आणि ओझं मिळून जो वजनाचा मध्य होतो, त्याची सरळ खालची रेघ या त्रिकोणाच्या आत पडते तोवर ठीक, बाहेर गेली की आडवा. ओझं उंच उचललं की हा मध्य वर जातो आणि मग थोडासा उतारही पुरतो. पुढे बकेट भरलेली असेल तर मध्य पुढे सरकतो, म्हणजे नेमका त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे.

मागच्या चाकांच्या डिस्क उलट्या फिरवून दोन चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. बागेत अरुंद ठेवलेली चाकं खडी वाहायच्या दिवसांत रुंद करून घेणं हे तासाभराचं काम. जॅक आणि पाना गावातच असतो. कंटाळा येतो म्हणून होत नाही.

बांध ओलांडताना ओझं जमिनीपासून फूटभरच वर हवं. उंच उचललेलं अवजार घेऊन एक चाक बांधावर चढवलं तर दोन्ही दोष एकदम येतात, मध्य उंच आणि ट्रॅक्टर तिरका. त्यात धक्का. चाक बांधावरून खाली आदळतं तेव्हा मागचं २०० किलोचं ओझं त्या क्षणापुरतं कितीतरी जास्त वजनाचा हिसका देतं. कागदावरचा हिशेब सपाट जमिनीचा आहे, हे विसरायचं नाही. पुढचं तोंड हलकं असताना ड्रायव्हर एका बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर वळवतात. शेतात, पहिल्या गिअरला, चालून जातं. डांबरी रस्त्यावर तीच सवय राहिली तर ट्रॅक्टर जागेवर गिरकी घेतो. रस्त्याला लागण्याआधी दोन्ही ब्रेकची कडी जोडायची.

सीटमागची लोखंडी कमान, जिला रोप्स म्हणतात, ती वेलींच्या मांडवात अडकते म्हणून कापून टाकलेले ट्रॅक्टर पुष्कळ. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरना अशी कमान सक्तीची केली आणि तिथले उलटण्यातले मृत्यू झपाट्याने कमी होत गेले. कापण्यापेक्षा दुमडती कमान घ्यावी आणि बागेबाहेर आल्यावर उभी करावी. सीटच्या पट्ट्याचा नियम थोडा विचित्र वाटेल. कमान उभी असेल तर पट्टा बांधायचाच, आणि कमान नसेल किंवा दुमडलेली असेल तर बांधायचा नाही, कारण तेव्हा पट्टा माणसाला ट्रॅक्टरखालीच धरून ठेवतो. मडगार्डवर बसलेल्या पोराला यातलं काहीच लागू होत नाही. त्याने उतरून चालत यावं.

खालून ओढा

बाभळीचं बुडूख उपटायचंय, रुतलेली ट्रॉली काढायचीय. साखळी कुठे अडकवणार? वरच्या टॉप लिंकच्या कानाला, आसाभोवती, किंवा हायड्रॉलिकच्या उचललेल्या लिंकांना अडकवली, तर ओढ मागच्या आसाच्या वर किंवा बरोबरीने लागते. चाकं अडलेली, इंजिन फिरवतंय. मग चाकं फिरत नाहीत म्हणून इंजिन ट्रॅक्टरलाच आसाभोवती फिरवतं. तोंड उचलल्यापासून परत न येण्याच्या टप्प्यापर्यंत पाऊण सेकंद लागतो असं मानतात. तेवढ्यात माणसाला काय होतंय ते कळतं आणि पाय क्लचकडे जायला निघतो, बस. म्हणून ओढायचं ते नेहमी आसाच्या खाली असलेल्या ड्रॉबारनेच, म्हणजे ओढायच्या लोखंडी दांड्यानेच, कमी गिअरमध्ये, साखळी आधी हळू ताणून घेऊन. तोंड जरा जरी उठल्यासारखं वाटलं तरी क्लच. ॲक्सिलरेटर वाढवून ‘निघतंय निघतंय’ म्हणत राहायचं नाही.

यातूनच थ्री-पॉइंट लिंकेज जन्माला आलं. पहिल्या महायुद्धाच्या काळातले हलके ट्रॅक्टर नांगर साखळीने किंवा दांड्याने मागे ओढत. नांगर खडकाला अडला की ट्रॅक्टर मागे उलटायचा, आणि हेन्री फोर्डचा फोर्डसन यासाठी बदनाम होता. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने (पुण्याचं कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते गव्हर्नर वेगळे) नांगर ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडायचं ठरवलं. खाली दोन लिंका ओढायला आणि वर एक. १९२६ साली त्याने आपल्या हायड्रॉलिक पद्धतीचं पेटंट घेतलं, १९३८ साली फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ साली तो ट्रॅक्टर बाजारात आला. खुबी वरच्या लिंकमध्ये होती. नांगर मातीत अडला की तो पुढे कलंडू पाहतो, टॉप लिंक दाबली जाते आणि ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उलट खाली रेटलं जातं. तोच दाब हायड्रॉलिकला कळवून नांगर आपोआप थोडा वर घेतला जातो. आपल्या डाव्या-उजव्या दोन लिव्हरींपैकी ‘ड्राफ्ट’ ती हीच.

पण ही सगळी करामत नांगर मातीत असेपर्यंतच. अवजार हवेत उचललं की टॉप लिंक दाबली जाण्याऐवजी ताणली जाते आणि ट्रॅक्टरला मागे खेचू लागते. ज्या लिंकने मघाशी तोंड खाली धरलं होतं, तीच आता ते वर उचलायला मदत करते. नुसतं ओझं वाहायचं असेल तेव्हा ड्राफ्टची नव्हे, पोझिशनची लिव्हर वापरायची, म्हणजे ओझं ठेवलं त्या उंचीवर थांबतं.

पिना, तेल आणि खाली शिरलेला माणूस

मिनी ट्रॅक्टरवर बहुधा कॅटेगरी १ च्या, म्हणजे लहान मापाच्या पिना येतात: खालच्या २२ मिलिमीटरच्या, टॉप लिंकची १९. मोठ्या ट्रॅक्टरचं अवजार, कॅटेगरी दोनचं, त्याला बसवायला लोक खिळ्यांपासून वेल्डिंगपर्यंत काहीही करतात. वास्तविक ते अवजार पिनेत बसत नाही हीच सूचना समजावी. ते बहुतेक वेळा वजनालाही बसणार नसतं. पिनेच्या टोकाला कडीची लिंच पिन हवी. तिच्या जागी वाकवलेली तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसला असेल तर कधी ना कधी एक लिंक सुटणार आणि ओझं एका बाजूला लोंबणार. बाजूच्या चेक चेन इतक्या आवळाव्यात, की उचललेलं अवजार हाताने हलवलं तर बोट-दोन बोटंच हलावं.

वजन आवाक्याबाहेरचं असलं की हायड्रॉलिक ओरडतं. एक तीक्ष्ण, सलग किंचाळी येते आणि लिंका जागच्या हलत नाहीत. तो रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज. आत दाब मर्यादेला पोचला आहे आणि तेल परत टाकीत जातंय. लगेच लिव्हर खाली घ्यायची. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाकून ‘लिफ्ट वाढवून देतो’ म्हणणारे मिस्त्री भेटतात. त्याने लिफ्ट वाढेलही, पण पुढच्या टायरवर एक किलोसुद्धा वाढणार नाही, आणि फुटेल ते पाइप किंवा पंप तुमचाच.

लिफ्टचा सिलिंडर एकाच बाजूने काम करतो. तेल त्याला वर ढकलतं, खाली येतो तो ओझ्याच्या वजनाने. म्हणजे इंजिन बंद असतानाही लिव्हरला धक्का लागला तर उचललेला रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, धाडकन खाली येणार. सील गळत असेल तर लिव्हरला कोणी हात न लावताही हळूहळू येणार. रोटरची पाती बदलायला माणूस खाली जाणार असेल तर दोन्ही बाजूंना जाड लाकडी ठोकळे आधी लावायचे, ओझं त्यांच्यावर टेकवायचं, इंजिन बंद करून चावी खिशात, आणि मग खाली. विटा नकोत, त्या फुटतात. सीटखाली किंवा पुढे ‘रिस्पॉन्स’ची चकती असते. ती पूर्ण बंद केली की बहुतेक ट्रॅक्टरांत उतरण्याचा मार्ग अडतो. तीही बंद करावी, पण ठोकळ्यांच्या बदल्यात नव्हे, ठोकळ्यांसोबत. ट्रॅक्टर उभा करून चहाला जातानाही अवजार जमिनीवरच टेकवून जायचं.

पाइपमधून बारीक गळती होत असेल तर ती बोटाने चाचपडायची नाही. दाबाखालच्या तेलाची केसासारखी धार कातडी भेदून आत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपजवळून फिरवला तर त्यावर तेलाचा डाग उमटतो आणि जागा सापडते. चुकून धार हातात गेलीच तर वरून फक्त टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि माणूस हळद लावून कामाला लागतो. आत तेल पसरून बोट सडू शकतं. त्याच दिवशी, तासाभरातच, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं, आणि डॉक्टरांना ‘काटा टोचला’ नव्हे, ‘हायड्रॉलिकचं तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं.